दहा दिवस अस्वल, बाकीचं वर्ष काटेरी तार

अमेरिकेत काळ्या अस्वलांवर मास्टर्स किंवा पीएचडी करायची तर आधी विद्यापीठात प्रवेश घ्यायचा आणि मग विषय शोधायचा, असा आपल्याकडे सर्रास समज असतो. तिथला क्रम उलटा आहे. आधी एखाद्या प्रोफेसरकडे पैसा येतो, पैशासोबत प्रश्न येतो, त्या प्रश्नासाठी विद्यार्थी शोधला जातो आणि प्रवेशाचा अर्ज सगळ्यात शेवटी भरायचा असतो. कुणाशी काही न बोलता पाच विद्यापीठांत अर्ज टाकणाऱ्याची पाचही ठिकाणची फी बहुधा पाण्यात जाते, कारण वन्यजीव विभागात गाईडने नाव सुचवल्याशिवाय अर्ज फारसा पुढे सरकत नाही.

पैसा बहुतेक वेळा राज्याच्या वन्यजीव खात्याचा असतो. १९३७ सालच्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या अबकारी कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला; लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर हा कर ११ टक्के आहे. तो पैसा केंद्राकडून राज्यांना मिळतो आणि मान्य कामाचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च त्यातून भागतो. म्हणजे काळ्या अस्वलाचा अभ्यास बराचसा शिकारी आणि बंदुका घेणाऱ्यांच्या खिशातून चालतो. त्यामुळे खात्याचे प्रश्नही रोखठोक असतात. आमच्या डोंगरात अस्वलं किती? वर्षाला किती माद्या जगतात? यंदा शिकारीचा हंगाम किती दिवसांचा ठेवावा? गावात कचरा उपसायला येणारी अस्वलं कुठून येतात? आपल्याकडून गेलेल्या मुलांना हे पचवणं जरा जड जातं, कारण आपल्या डोक्यात संवर्धन आणि शिकार ही दोन टोकं असतात. मुलाखतीत हा विषय निघतोच. शिकारीचं समर्थन करावं अशी कुणाची अपेक्षा नसते. पण कॉलर (ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा) लावलेली मादी नोव्हेंबरात मारली गेली तर ती नोंद मृत्यूच्या रकान्यात शांतपणे भरता येईल का, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं.

जागा कुठे निघतात? टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा वन्यजीव नोकऱ्यांचा फलक, द वाइल्डलाइफ सोसायटीची नोकऱ्यांची यादी आणि इकोलॉग ही मेलिंग लिस्ट. या तीन ठिकाणी ऑगस्ट ते जानेवारी दर आठवड्याला नजर टाकली तर सहसा काही निसटत नाही. जाहिरात नीट वाचायची. ट्यूशन फी माफ लिहिलं असेल तरी विद्यापीठाची इतर शुल्कं आणि आरोग्य विमा त्यात धरला आहे का, ते वेगळं विचारावं. वर्षाला हजारो डॉलरचा फरक तिथेच पडतो. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा, हेही विचारावं, कारण अस्वलाचं फील्डवर्क नेमकं उन्हाळ्यात असतं. फेडरल संस्थांच्या काही जागांना अमेरिकन नागरिकत्वाची अट असते. ती ओळ शेवटच्या परिच्छेदात दडलेली असते, म्हणून जाहिरात खालून वर वाचणं सोयीचं.

प्रोफेसरला पाठवायचा ईमेल दोनशे शब्दांच्या वर जाऊ नये. ‘लहानपणापासून प्राण्यांची आवड’ हे वाक्य दिसलं की वाचणारा पुढच्या मेलवर जातो. त्याऐवजी मोजता येईल असं लिहावं: किती महिने फील्डवर, किती कॅमेरा ट्रॅप लावले, किती किलोमीटरचे ट्रान्सेक्ट (मोजणीच्या आखलेल्या रेषा) चालले, ‘आर’ या आकडेशास्त्राच्या संगणक-भाषेत कोणतं विश्लेषण स्वतः केलं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबात मचाणावर बसून केलेली पाणवठ्यावरची गणना हा छान अनुभव आहे, पण तिथे तो अनुभव म्हणून धरला जात नाही. मेळघाटात चार महिने अस्वलाच्या विष्ठेतल्या बिया वेगळ्या करून मोजल्या असतील, तर ते मात्र पहिल्या ओळीत घालावं. आपलं अस्वल वाळवी आणि मोहाच्या फुलांवर जगणारं, वेगळ्या जातीचं असलं तरी विष्ठा धुऊन चाळणीतून काढणारा हात दोन्हीकडे तोच लागतो.

मुलाखत दुतर्फा असते हे आपली मुलं विसरतात. पैसा किती वर्षांचा आहे, गाडी विद्यापीठाची की स्वतःची, फील्डवर राहायची सोय काय, मदतनीस किती, डेटा कुणाच्या मालकीचा, आधीच्या विद्यार्थ्यांना पदवीला किती सेमिस्टर लागले, हे सगळं विचारावं. आधीच्या विद्यार्थ्याचा पत्ता मागून त्याच्याशी बोलावं. गाईड तो द्यायला कांकू करत असेल तर तेही एक उत्तरच समजावं.

आणि गाडी चालवता यायलाच हवी. हे गमतीत नाही. काळ्या अस्वलावरचा अर्धा अभ्यासक्रम चाकांवर चालतो: पिकअप ट्रक, मागे ट्रेलर, त्यावर पिंजरा, रस्ता मातीचा आणि वळायला जागा नाही. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं आणि घाई केली की ट्रक आणि ट्रेलर घडीच्या चाकूसारखे एकमेकांवर मिटतात. एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोन रविवार घालवून हे शिकून घ्यावं.

आता मुख्य काम. संख्या काढायची तर आजकाल अस्वल पकडत नाहीत, त्याचे केस पकडतात. तीन-चार झाडांभोवती काटेरी तारेचा एकच फेरा जमिनीपासून साधारण ४५ ते ५० सेंटीमीटर उंचीवर ताणायचा. मधोमध, अस्वलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, वासाचं आमिष टांगायचं: बडीशेपेच्या वासाचं अॅनिसचं तेल, रासबेरीचा अर्क, शिळी पेस्ट्री. अस्वल तारेखालून किंवा तारेवरून आत जातं आणि पाठीचे नाहीतर पोटाचे केस काट्यात अडकतात. ऐकायला सोपं. बिघडतं ते उंचीत. जमीन उताराची असते, त्यामुळे एका बाजूला ४५ सेंटीमीटर असलेली तार दुसऱ्या बाजूला ७० होते आणि अस्वल तिथूनच सरपटत, एकही केस न देता आत शिरतं. म्हणून प्रत्येक झाडाशी नव्हे, तर दोन झाडांच्या मध्यावर उंची मोजायची. खळगा असेल तर त्यात ओंडका टाकून बंद करायचा. तार सैल असली तर केस ओढले जात नाहीत, नुसते घासून जातात. बोटाने छेडली की टणत्कार यावा इतका ताण हवा.

आमिष खायला मिळालं तर तेच अस्वल दर आठवड्याला हजर होतं आणि आकडेमोड बिघडते. म्हणून वास भरपूर, खाऊ नाही, असा बेत बरा. आणि एकच वास सगळा हंगाम वापरला तर अस्वलं तिसऱ्या आठवड्यात फिरकेनाशी होतात. दर फेरीला वास बदलावा.

फेरी सात ते दहा दिवसांची. त्याहून उशीर केला तर ऊन आणि पाऊस मिळून केसांतल्या डीएनएची वाट लावतात. सापळ्याशी पोचल्यावर प्रत्येक काटा एका टोकापासून क्रमाने बघायचा. एका काट्यावरचा पुंजका म्हणजे एक नमुना. शेजारच्या काट्यावरचे केस त्यात मिसळायचे नाहीत, कारण ते दुसऱ्या अस्वलाचे असू शकतात. चिमट्याने केस काढून उजेडासमोर धरले की टोकाला बारीक पांढरा गोळा दिसतो. ते मूळ, आणि डीएनए तिथेच. मूळ नसलेला केसांचा झुबका कितीही घसघशीत असला तरी प्रयोगशाळेच्या कामाचा नाही. पाच तरी मुळं असलेला नमुना चांगला धरतात. तो कागदी पाकिटात घालायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही नाही. आत दमटपणा कोंडतो, बुरशी येते आणि महिन्याभराची मेहनत कुजते. पाकिटावर तारीख, सापळ्याचा क्रमांक, फेरी आणि काट्याचा क्रमांक पेन्सिलीने लिहायचा, कारण ओल्या बोटांनी शाई फासते. पाकिटं सिलिका जेलच्या डब्यात ठेवायची. मग गॅसच्या छोट्या टॉर्चने तो काटा आणि चिमटा जाळून घ्यायचा, म्हणजे उरलेला एखादा केस पुढच्या फेरीत नवा म्हणून मोजला जात नाही. वणव्याच्या दिवसांत जाळायला बंदी असते; तेव्हा तारेवरून कापड घट्ट फिरवून प्रत्येक काटा डोळ्यांनी तपासायचा.

१२० सापळे आणि आठ फेऱ्या धरल्या तर ९६० भेटी होतात. त्यातून जमलेले सगळे नमुने तपासायला कुणाकडेच पैसे नसतात, म्हणून प्रत्येक सापळ्यातून ठरावीक नमुने चिठ्ठी टाकल्यासारखे निवडावे लागतात. निवड कशी करायची हे फील्डला जाण्याआधी ठरवून प्रस्तावात लिहावं. नंतर ‘चांगले दिसणारे’ उचलले तर ज्याचे केस दाट त्याच अस्वलाकडे पारडं झुकतं. प्रयोगशाळेत डीएनएतल्या सात-आठ ठिकाणांवरून एकेका अस्वलाची ओळख पटते आणि आणखी एका खुणेवरून नर-मादी कळते.

सापळ्यांतलं अंतर ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मादीचा वावर नरापेक्षा फारच कमी टापूत असतो. नराच्या हिशेबाने सापळे दूरदूर टाकले तर कित्येक माद्यांच्या वाट्याला एकही सापळा येत नाही आणि खात्याला नेमकी माद्यांचीच संख्या हवी असते. आधी त्या भागातल्या मादीचा वावर किती ते जुन्या कॉलरच्या नोंदींतून काढावं आणि एकेका मादीच्या टापूत दोन-चार सापळे पडतील असं जाळं आखावं. सापळे पुंजक्यांनी टाकायचे की सलग, याचं उत्तर आरमधल्या, सापळ्यांच्या नोंदींवरून संख्या काढणाऱ्या एसईसीआर पॅकेजमध्ये आधी खोटा डेटा तयार करून तपासता येतं. हिवाळ्यात संगणकासमोर घालवलेले हे दोन आठवडे उन्हाळ्यातले दोन महिने वाचवतात.

पूर्व अमेरिकेत बरीच जमीन खासगी मालकीची. तार लावायला परवानगी लागते, ती तोंडी नको, कागदावर घ्यावी. कुत्री घेऊन अस्वलाची शिकार करणारे लोक त्याच रानात असतात. त्यांच्या कुत्र्याला तुमच्या तारेने जखम झाली तर खातंही तुमच्या पाठीशी उभं राहत नाही. तारेला रंगीत फीत बांधावी, पाटी लावावी आणि हंगाम संपला की किती खिळे मारले तितके मोजून काढावेत. एक विसरलेला खिळा वीस वर्षांनी कुणाच्या तरी करवतीला लागतो.

प्रत्यक्ष अस्वल हातात येतं ते कॉलर लावताना, आणि त्याआधी कागदांचा ढीग असतो. विद्यापीठाच्या प्राणी-काळजी समितीची मंजुरी, राज्याचा परवाना, राष्ट्रीय उद्यान असेल तर त्यांचा वेगळा. समितीला दोन-तीन महिने सहज लागतात. भुलीची औषधं नियंत्रित यादीतली. टेलाझोल आणि केटामाइन दोन्ही तिसऱ्या अनुसूचीत, त्यामुळे ती कुलूपबंद पेटीत ठेवायची आणि प्रत्येक मिलिलीटरचा हिशेब वहीत लिहायचा. सांडलेलंसुद्धा लिहायचं, साक्षीदाराच्या सहीसह. मात्रा पशुवैद्य ठरवतो. विद्यार्थ्याने वजनाचा अंदाज नीट द्यायचा. पिंजऱ्यातलं अस्वल असतं त्यापेक्षा मोठं वाटतं, हे पहिल्या हंगामात सगळ्यांचंच चुकतं.

पिंजरा म्हणजे बहुतेकदा दोनशे लिटरची दोन पिंपं वेल्डिंगने जोडून केलेली नळी, एका टोकाला पडणारं दार, दुसऱ्या टोकाला दाराच्या खटक्याला बांधलेली आमिषाची पिशवी. सावलीतच ठेवायचा. सकाळी लवकर बघायचा, कारण अकरानंतर पत्रा तापतो. अस्वल झोपलं की कुशीवर ठेवून नाक मोकळं आहे ना ते बघायचं. डोळे उघडेच राहतात, पापण्या मिटत नाहीत, म्हणून मलम घालून वर फडकं बांधायचं. गुदद्वारातलं तापमान दर पाच-दहा मिनिटांनी घ्यायचं. ४० अंशांच्या वर गेलं की मोजमाप सोडून जांघेत आणि काखेत पाणी ओतायचं. टेलाझोलवरचं अस्वल हळूहळू, आधी मान हलवत जागं होतं. केटामाइन आणि झायलाझिन या भुलीच्या औषधांच्या मिश्रणावरचं मात्र काही न कळवता एकदम उठू शकतं, म्हणून एकाने फक्त अस्वलाकडेच बघत बसायचं. त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही.

वय काढायला सुळ्याच्या मागची पहिली उपदाढ काढतात. अस्वलाला तिचा काही उपयोग नसतो. वर दिसते ती ज्वारीच्या दाण्याएवढी, मूळ मात्र त्याहून लांब आणि किंचित वाकडं. झाडाच्या खोडासारखी वर्षाला एक कडी त्या मुळात दिसते. घाईने पिळून काढली की मुळाचं टोक आत मोडतं आणि वय गेलं. भोवतालची हिरडी आधी सगळीकडून सोडवावी, मग डोलवत काढावी.

कॉलर हा स्वतंत्र तापच. जीपीएस कॉलर दोन-तीन हजार डॉलरची आणि अस्वलाची मान डोक्याइतकीच जाड, त्यामुळे सैल बांधली तर नर ती पहिल्याच आठवड्यात काढून टाकतो. घट्ट बांधली तर शरदात अस्वल चरबी धरतं आणि पट्टा मानेत रुततो. तोडगा म्हणून पट्ट्यात चामड्याचा किंवा सुती तुकडा घालतात, तो कुजून कॉलर आपोआप गळते. वाढीला लागलेल्या पिल्लाला मोठ्याची कॉलर कधीच घालायची नाही. शिकारीचा हंगाम जवळ असेल तर कानाच्या बिल्ल्यावर भुलीची तारीख आणि मांस खाऊ नये अशी सूचना हवी, कारण औषध मांसात काही दिवस राहतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गुहा तपासायच्या. काळ्या अस्वलाचा समागम जून-जुलैत होतो, पण गर्भ नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत रुजत नाही आणि पिल्लं जानेवारीच्या आसपास होतात, पाव किलोच्या थोडी वर. मार्चपर्यंत ती दोन-तीन किलोची होतात. कॉलरचा सिग्नल घेत जायचं, शेवटचे शंभर मीटर बोलायचं नाही आणि काठीच्या टोकावरच्या सुईने मादीला भूल द्यायची. ती अर्धवट जागीच असते, हे विसरू नये. हिवाळ्यात अस्वलाचं तापमान शीतनिद्रेत जाणाऱ्या खारीसारखं गोठणाऱ्या पाण्याच्या पातळीला जात नाही, ३० अंशांच्या वरच राहतं. आत काय आहे ते आधी कळतं ते कानाने: दूध पिणाऱ्या पिल्लांची एकसुरी गुणगुण येते, गिरणीची मोटर लांबून ऐकू यावं तशी. पिल्लं बाहेर काढली की एकेक जॅकेटच्या आत छातीशी धरायचं, कारण त्यांना स्वतःची ऊब टिकवता येत नाही. कापडी पिशवीत वजन, कातडीखाली चिप, नर-मादी, आणि परत. अनाथ पिल्लू दुसऱ्या मादीकडे द्यायचं असेल तर व्हिक्स चोळतात, म्हणजे तिला परकं आणि आपलं असा वास वेगळा करता येत नाही. टेनेसी-नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या ग्रेट स्मोकी पर्वतांतल्या गुहा बऱ्याचदा जमिनीवर नसतात. जुन्या झाडाच्या ढोलीत, दहा-पंधरा मीटर उंचीवर असतात. तिथे दोर चढता येणारा माणूस लागतो.

हिवाळ्यात मादी पिल्लांसह गुहेत असते, याचा उपयोग एका मास्टर्सच्या कामात झाला. १९९६-९७ मध्ये स्मोकीमधल्या माद्या बिग साऊथ फोर्क या केंटकी-टेनेसीच्या सीमेवरच्या रानात नेऊन सोडल्या. उन्हाळ्यात सोडलेल्यांपेक्षा हिवाळ्यात पिल्लांसह नव्या गुहेत ठेवलेल्या माद्या तिथे जास्त टिकल्या, कारण पिल्लं टाकून त्या घराकडे धावत सुटत नाहीत. पुढे लुईझियानातही माद्या पिल्लांसह हलवण्याची हीच पद्धत वापरली. तिथलं काळं अस्वल १९९२ साली धोक्यातलं म्हणून यादीत गेलं आणि २०१६ साली यादीतून बाहेर आलं. त्या निर्णयामागे कॉलर लावलेल्या माद्यांच्या नोंदी होत्या आणि काटेरी तारेवरचे केस.

अस्वलाइतकंच लक्ष ओककडे द्यावं लागतं. एकॉर्नचं, म्हणजे अस्वलं खातात त्या ओकच्या फळांचं, पीक बुडालं की कमी चरबीच्या मादीत गर्भ रुजत नाही, पिल्लं होत नाहीत, आणि भुकेली अस्वलं गावाच्या कचरापेट्या गाठतात. त्या वर्षी शहरात वाढलेल्या तक्रारी पाहून ‘अस्वलं वाढली’ असं लिहिणारा प्रबंध समितीसमोर टिकत नाही. ऑगस्टअखेर ठरावीक ओक झाडं निवडून दोघांनी दुर्बिणीतून पंधरा-पंधरा सेकंद दिसतील तितकी एकॉर्न मोजायची आणि बेरीज करायची. कंटाळवाणं काम, पण दरवर्षी त्याच झाडांवर केलं तरच त्याला किंमत आहे. कचऱ्याच्या बाबतीत कोलोरॅडोतल्या डुरँगो शहरात मोठा प्रयोग झाला. काही वस्त्यांत अस्वलाला न उघडणारे डबे दिले, काहींत नाही. डबे दिलेल्या भागात कचऱ्यावरून होणारे प्रसंग सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाले. अस्वलापेक्षा डब्याच्या झाकणाचा अभ्यास करायची तयारी असेल तर अशा जागांना स्पर्धाही कमी असते.

अस्वलाच्या हल्ल्याची चिंता घरचे करतात. फील्डवर आजारी पाडते ती गोचीड. कपड्यांना पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारावं, संध्याकाळी काखा-जांघा तपासाव्यात. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला हटवणारा मिरचीचा फवारा, कमरेला असावा, पाठपिशवीत नाही, आणि त्याची मुदत बघावी.

शेवटच्या सेमिस्टरला लिखाण सुरू झालं की प्रत्येक नमुन्यातले अर्धे केस न वापरता पाकिटातच ठेवलेत ना, हे तपासावं. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले असतील तर बदलावेत, डब्यावर सापळ्यांचा नकाशा आणि पाकिटांच्या क्रमांकांची यादी चिकटवावी. पाच-सात वर्षांनी खातं तोच प्रश्न पुन्हा विचारणार असतं, आणि तेव्हा तो डबा उघडणारा विद्यार्थी कोण असेल ते ठाऊक नसतं.